खारशेतचं गाऱ्हाणं

चोराने पोलिसाला चहाला बोलावल्याचं रत्नागिरीत तरी कुणी ऐकलं नव्हतं. आणि राजाभाऊ वेंगुर्लेकर हा चोर नसला तरी चोराचा मावसभाऊ असावा, यावर चौकीत सगळ्यांचं एकमत होतं. म्हणून फाल्गुनातल्या त्या सकाळी त्याचं पत्र आलं तेव्हा फौजदार गुप्त्यांनी ते आधी उलटंसुलटं करून पाहिलं, मग उन्हात धरून पाहिलं आणि शेवटी जमादार रावजीच्या हातात दिलं.

"वाचा, रावजी. मोठ्याने वाचा."

रावजीने चष्मा चढवला. "फौजदारसाहेब आणि जमादार रावजी यांस सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. येत्या मंगळवारी दुपारी तीन वाजता आपण दोघांनी माझ्या घरी चहास येण्याची कृपा करावी. गणवेश नसावा. रावजींच्या जुन्या ओळखीची एक असामी माझ्याकडे बारा वर्षे मुक्कामास आहे. तिला आता घरी जायचे आहे. कळावे."

"बारा वर्षं मुक्काम!" गुप्ते म्हणाले. "कुणाला कोंडून ठेवलंय की काय याने? आणि तुमची कसली ओळख?"

"ठाऊक नाही, साहेब," रावजी म्हणाला. पण बारा हा आकडा वाचताना त्याची जीभ अडखळली होती. बारा वर्षांपूर्वी काय झालं, हे विसरायला त्याला अजून तरी जमलं नव्हतं.

हा राजाभाऊ तीन वर्षांपूर्वी मुंबईहून येऊन मागच्या आळीत बिऱ्हाड करून राहिला होता. जुन्या वस्तूंचा व्यापार करायचा. कुणाची पणजीची समई, कुणाची मोडकी पालखीची दांडी, फुटलेल्या गलबतावरची घंटा, जे मिळेल ते घ्यायचा आणि मुंबईच्या साहेबलोकांना विकायचा. कुणाकडे जाणं नाही, कुणाला घरात घेणं नाही. दार अर्धं उघडून बोलायचा. अशा माणसाबद्दल लोक चांगलं बोलतील तर ते लोक कसले? त्यातून वर्षभरात तालुक्यातल्या दोन देवळांत चोऱ्या झालेल्या. हा देव विकत घेतो, असं बाजारात कोळणीसुद्धा सांगायच्या.

"लाच देणार, नाहीतर दगा करणार," गुप्ते म्हणाले. ते पुण्याचे, वयाने तरुण, आणि प्रत्येक गोष्टीत दोनच शक्यता पाहायची त्यांना सवय होती. "जाऊ या. पण चहाला तोंड लावायचं नाही."

मंगळवारी दोघं धोतर-कोट घालून गेले. गणवेशाशिवायही ते पोलीसच दिसत होते, हा भाग वेगळा. दार पूर्ण उघडं होतं. आत सगळीकडे पितळ, तांबं, लाकूड रचलेलं, आणि मधोमध खुर्चीत स्वतः राजाभाऊ. पंचेचाळिशीचा असेल, पण छातीचा पार पिंजरा झालेला. खोकला आला की हातातला पंचा तोंडाशी धरायचा आणि नंतर तो घडी करून लपवायचा. चहा आला, निवला, त्यावर साय धरली.

"असामी कुठे आहे?" गुप्त्यांनी विचारलं.

राजाभाऊने फणसाच्या लाकडाची पेटी पुढे ओढली. गुप्त्यांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला. पेटीतून लाल अलवणाचं गाठोडं निघालं, आणि गाठोड्यातून एक चेहरा. चांदीचा, वीतभर उंचीचा, मोठ्या डोळ्यांचा, पिळदार मिशीचा.

रावजी उभा राहिला. आपण उभे कधी राहिलो, वहाणा कधी काढल्या आणि हात कधी जोडले, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

"हे खारशेतच्या देवाचं रूप आहे, साहेब," तो म्हणाला. "पालखीत बसतं ते. एकोणीसशे चोवीसच्या शिमग्यात चोरीला गेलेलं."

"चोरीला नाही गेलं," राजाभाऊ म्हणाला. "कुणी चोरलंच नव्हतं. तेच सांगायला बोलावलं."

मग खोकत, थांबत त्याने सांगितलं ते असं. त्या साली तो इथल्याच एका चांदीकामाच्या दुकानात हाताखाली होता, नवखा, वेंगुर्ल्याहून आलेला. शिमग्याच्या आधी एका दुपारी मालक जेवायला गेलेले असताना खारशेतचे म्हातारे खोत दुकानात शिरले. पंच्यातून हे रूप काढलं. उजवा कान निखळलेला. "माझ्या हातून देव पडला रे," खोत म्हणाले होते. "पेटी उघडून पुसायला घेतला, आणि निसटला. शिमग्याच्या तोंडावर देव पडला म्हटलं तर गाव घाबरेल. मालकालाही सांगू नकोस. कान जोडून ठेव, परवा येऊन नेतो." राजाभाऊने त्याच संध्याकाळी कान जोडला. खोत परत आलेच नाहीत.

"कसे येणार?" रावजी म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "जाताना खाडीच्या होडीतच त्यांना लकवा झाला. वाचा गेली. तीन दिवसांनी वारले. तीन दिवस सारखा हात कानाकडे न्यायचे. घरच्यांना वाटलं, कान दुखतोय. कोमट तेल घालत होते कानात."

राजाभाऊने रूपाच्या जोडलेल्या कानावरून बोट फिरवलं.

"पाचव्या दिवशी कानावर आलं की देवाचं रूप चोरीला गेलं, पोलिसांनी गुरवाला धरलं," राजाभाऊ म्हणाला. "मी परक्या गावचा, पेटीत देवाची चांदी, आणि ज्याने दिली तो मेलेला. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार होतं? आगबोटीने मुंबईला पळालो. धरलेला माणूस निर्दोष आहे, आपोआप सुटेल, असं मनाला सांगत राहिलो. मग खारशेतचा एक गिरणीकामगार भेटला. तो म्हणाला, गुरव तुरुंगातच मेला. परत करायला म्हणून तीन वर्षांपूर्वी इथे आलो, साहेब. दर शिमग्याला पेटी उघडायचो आणि बंद करायचो. आता डॉक्टर म्हणतात, पुढचा शिमगा नाही. काय करायचं ते करा माझं."

गुप्त्यांनी वही काढली, पण लिहिलं नाही. देवळांतल्या चोऱ्यांच्या तपासात त्यांनी जुने कागद वाचलेले होते. जे वाचतात त्यांनाच असे प्रश्न सुचतात.

"पण रावजी, तो धोंडू गुरव कबूल झाला होता. 'आरोपीने देवासमोर गुन्हा कबूल करून माफी मागितली व समस्त गावाने होय म्हणून दुजोरा दिला.' पंचनाम्यात आहे. अक्षर तुमचं आहे."

"माझंच आहे."

"मग?"

रावजी खाली बसला. बारा वर्षं जे कुणी विचारलं नव्हतं ते आज विचारलं गेलं होतं, आणि त्याला एकीकडे सुटल्यासारखंही वाटलं. त्याची त्याला लाज वाटली.

"साहेब, आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. गावातर्फे एक जण बोलतो. बोलण्याची रीत ठरलेली. आधी सगळा दोष स्वतःकडे घ्यायचा, ह्या लेकराच्या हातून गुन्हा घडला असेल तर पदरात घे, मग काय मागायचं ते मागायचं. आणि प्रत्येक वाक्याला गाव म्हणतं, 'व्हय म्हाराजा!' अर्थ बघून कुणी म्हणत नाही. गाऱ्हाणं घालणारा उद्या म्हणाला, समुद्र गोड होऊ दे, तरी गाव व्हयच म्हणेल."

"पुढे?"

"देवळातल्या देवाच्या पेटीला किल्ल्या दोन. एक खोतांकडे, एक गुरवाकडे. कुलूप फोडलेलं नाही, आणि खोत वारलेले. उरला धोंडू. त्या वेळचे फौजदार घाटावरचे होते. म्हणाले, ह्याला देवासमोर उभा करा, खरं बोलेल. धोंडूला उभा केला. गुरव माणूस, देवासमोर उभा राहिला की त्याच्या तोंडून एकच गोष्ट निघते, साहेब. त्याने गाऱ्हाणं घातलं. 'बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराच्या हातून काय गुन्हा घडला आसंल तर माफ कर, आनि तुजं रूप जिथं आसंल तिथनं तुज्या जाग्यावर आन रे म्हाराजा!' आणि सगळं गाव ओरडलं, 'व्हय म्हाराजा!' फौजदारांनी मला विचारलं, काय म्हणतो हा? मी सांगितलं, गुन्हा माफ कर म्हणतो, गाव होय म्हणतं."

"शब्दाला शब्द खरं होतं," गुप्ते हळूच म्हणाले.

"तेच तर. कोर्टातही असंच झालं. पंचांना विचारलं, गुन्हा माफ कर म्हणाला का? म्हणाला. तुम्ही होय म्हणालात का? म्हणालो. देवाशपथ खोटं कसं बोलणार? धोंडूला विचारलं, तर तो म्हणाला, 'घडला आसंल.' तीन वर्षं दिली. साहेब, मी चिपळूणकडचा. माझ्या बापाने जन्मभर गाऱ्हाणी घातली. फौजदारांना कळत नव्हतं, मला कळत होतं. एकदा म्हणायला हवं होतं की साहेब, हे असं नव्हे. पण ते घाईत होते, खूष होते, आणि साहेब खूष असला की आपण बोलू नये, एवढंच मी नोकरीत शिकलो होतो."

गुप्त्यांनी निवलेल्या चहाचा कप उचलला आणि एका घोटात संपवला. मग म्हणाले, "रूप तुम्ही घेऊन जा. जबानी मी घेतो. ह्याला आता कुठे नेणार?"

दुसऱ्या दिवशी रावजी रूप घेऊन निघाला. आऱ्यावाऱ्याच्या पुळणीतून चालताना गाठोडं त्याने छातीशी धरलं होतं. त्याला बरं वाटत होतं, हे सांगितलं पाहिजे. माणसाचं मन असंच असतं, चुकीची भरपाई करायला निघालं की अर्धी चूक फिटलीच असं त्याला वाटू लागतं. धोंडू परत येणार नव्हता, पण त्याची बायको सगुणा होती. चोराचं घर म्हणून बारा शिमगे पालखी तिच्या दारावरून न थांबता गेली होती. दारात देव न थांबणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तिची मुलगी हौसा, तिला गावात कुणी करेना म्हणून लांब कुठेतरी बिजवराला दिलेली. आता हे सगळं फिरेल, यंदा पालखी पहिली सगुणाच्या दारी थांबेल, आणि ते आपण घडवून आणणार, असं रावजीच्या मनात चालू होतं.

गावाने रूप पाहिलं तेव्हा आधी ढोलच वाजले. मग रावजीने देवळाच्या सभामंडपात उभं राहून सगळं सांगितलं. खोतांचं, कानाचं, तेलाचं, आणि स्वतःचंही. ढोल थांबले. धाकटे खोत, म्हणजे त्या वारलेल्या खोतांचे चिरंजीव, खांबाला धरून उभे होते. त्यांनीच स्वतःच्या हाताने बापाच्या कानात तेल घातलं होतं. कुणी कुणाकडे बघेना.

शेवटी खोतच म्हणाले, "पालखीत रुपं लावा. पालखी आदी गुरवाच्या दारात."

"मी पुढे जाऊन तिला सांगतो," रावजी म्हणाला. ही बातमी आपल्याच तोंडून तिला कळावी, असं त्याला फार वाटत होतं.

सगुणाचं घर वाडीच्या शेवटी, चिऱ्यांच्या पडक्या गडग्याआड. ती शेताच्या भाजावळीसाठी वाळक्या पानांचा पातेरा गोळा करत होती. रावजीला तिने ओळखलं. काय हवंय, असं विचारलं नाही, या म्हटलं नाही. पाठीवरचा भारा खाली टाकून उभी राहिली. रावजीने अंगणातच उभ्या उभ्या सांगितलं. सांगताना त्याचे डोळे भरून आले, ते त्याने पुसले नाहीत. शेवटी म्हणाला, "धोंडूने काही केलं नव्हतं, सगुणाबाय. पालखी येतेय तुझ्या दारात."

सगुणा ओटीच्या पायरीवर बसली. रडेल, असं रावजीला वाटलं होतं. शिव्या घालेल, असंही वाटलं होतं, आणि त्याची त्याने तयारी ठेवली होती.

"म्हंजे त्येंनी घेतलं न्हवतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"खरंच न्हवतं?"

"खरंच."

"मला वाटलं, घेतलं," सगुणा म्हणाली.

रावजीला आधी समजलंच नाही.

"तुमी काय सांगताव मला जमादार, की गावाचं चुकलं, तुमचं चुकलं. मी बी त्या गावातच व्हते. बायकांच्यात उभी व्हते. समद्यांबरूबर मी बी व्हय म्हटलं. मंग घरी येऊन इचार केला, देवासमोर मानूस गुन्हा माफ कर म्हनतो, म्हंजे कायतरी आसंलच की. हौसाचं लगीन ठरत व्हतं. दागिना करायचा, म्हनून घेतलं आसंल, असं मला वाटलं." ती थांबली. हाताला चिकटलेली पानं एकेक करून काढत राहिली. "तुरुंगात भेटायला गेले एकदा. गजांतनं मला इचारतात, सगुने, माज्या हातनं झालं आसंल काय गो? समदे व्हय म्हनतात, म्हंजे झालं आसंल, माजं मलाच आठवत न्हाय. जमादार, मी एक सबूद बोलले असते तर. न्हाय, तुमच्या हातनं न्हाय झालं, एवडंच. मी म्हटलं, तुमचं तुमाला ठावं. आनि उठून आले. परत गेले न्हाय."

 तिच्यावरचा अन्याय दूर करायला रावजी आला होता. बारा वर्षं ती नवऱ्यावरच्या रागावर जगली होती, आणि तो आधार आपण काढून घेतला, हे त्याला तिच्या तोंडाकडे बघून कळलं. चोराची बायको म्हणून तिने सगळं सोसलं होतं. आता ती कुणाची बायको होती, हे तिला आज सांगितलं जात होतं, आणि ज्याला ते सांगायला हवं होतं तो नव्हता.

"मेले, तवा कागुद तुमीच आनला व्हता," सगुणा म्हणाली.

"हो. मीच."

"मी तो चुलीत घातला. वाचून बी घेतला न्हाय कुनाकडनं. सांडगं तळत व्हते. तळत ऱ्हायले." ती वर बघून म्हणाली, "तिथी कुटली व्हती?"

रावजी आठवू लागला. जुलै महिना होता, पाऊस होता, खाडी भरली होती म्हणून तो अर्धा दिवस पलीकडे अडकला होता आणि त्या कागदावर चिडला होता. एवढं सगळं आठवत होतं. तारीख आठवेना. आणि तारीख आठवली असती तरी ती इंग्रजी. तुरुंगात कोण तिथी लिहितो?

"ठाऊक नाही," तो म्हणाला.

"त्येंचं सराद कदी घातलं न्हाय. चोराचं कसलं सराद, मीच म्हटलं."

"सर्वपित्रीला घालता येतं. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं अमावास्येला..."

"बेवारशाचं घालतात तसं?" सगुणा म्हणाली. "त्येंना नको तसं. त्येंना त्येंचा दिस द्या."

ढोल जवळ आले. गडग्यापलीकडून पालखी दिसू लागली, चांदीचं रूप उन्हात झगझगत होतं, आणि पुढे धाकटे खोत अनवाणी. सगळं गाव मागे होतं, पण नेहमीचा ओरडा नव्हता. पालखी अंगणात आली आणि थांबली. बायकांनी वाट पाहिली, ही ओटी भरायला उठेल, निदान पाण्याचा तांब्या तरी भोयांच्या पायावर घालायला आणेल. सगुणा पायरीवरून हलली नाही.

"सगुणाबाय," खोत म्हणाले, "देव आलाय दारात."

"ऱ्हाऊ दे उभा," ती म्हणाली. रागाने म्हणाली नाही. कामात असलेली बाई पाहुण्याला जरा थांबा म्हणते तसं म्हणाली. मग रावजीकडे वळली. "दप्तरात गावंल काय?"

"मिळेल. तारीख मिळेल. पंचांगावरून तिथी काढून घेतो."

"कदी आनाल?"

रावजीने उन्हाकडे पाहिलं. होडी मिळाली तर संध्याकाळपर्यंत रत्नागिरी, रात्री गुप्त्यांकडून दप्तराची किल्ली, जुनं पंचांग कुणाकडे तरी असेलच. "उद्या सकाळी," तो म्हणाला.

"या मंग," सगुणा म्हणाली. "मी हाय हितंच."

रावजी पालखीच्या बाजूने वाट काढत गडग्याबाहेर पडला. देवाला हात जोडायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. मागे ढोल वाजत नव्हते. भोयांनी पालखी खाली ठेवली नव्हती, ती खांद्यावर घेऊन ते तसेच उभे होते. उतारावरून खाडी दिसायला लागली, तेव्हा होडी पलीकडच्या काठाला होती. तो काठावर जाऊन हाका मारू लागला.